बेरीज करण्याआधी

अगं, दूध संघाच्या मुख्य कार्यालयात एमआयएस विभागात तुझी नेमणूक झाल्याचं काकूंनी सांगितलं. फार बरं वाटलं. पण तुझ्या मेसेजमध्ये आनंदापेक्षा धास्तीच जास्त दिसली. ‘ताई, रोज ढिगाने ओळी येतात आणि साहेबांना सगळं एका पानावर हवं असतं. काही चुकलं तर?’ असं तू विचारलंस, म्हणून फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा निवांत लिहितेय. आकड्यांच्या याच कामात मी बरीच वर्षं काढली आहेत. जे कळलंय ते तुझ्यापासून राखून काय करायचंय?

ओळींचं एक पान करणं आता अवघड राहिलेलं नाही. एक्सेलचं पिव्हट टेबल किंवा पॉवर बीआय रकाना ओढून टाकला की क्षणात बेरीज देतं. अडचण तिथेच आहे. ही साधनं कशाचीही बेरीज करून देतात. ती करावी की नाही, हे त्यांना कळत नाही आणि ती विचारतही नाहीत. ते विचारायचं काम तुझं. तुझ्या नोकरीतला अवघड भाग एवढाच आहे, आणि तो समजून घेतलास तर बाकीचं हाताला सवयीने येतं.

पहिली गोष्ट. कुठलाही तक्ता समोर आला की त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय, ते आधी मराठीत, पूर्ण वाक्यात लिहून काढ. संकलनाच्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे एका सभासदाने, एका दिवशी, एका पाळीला घातलेलं, गाईचं किंवा म्हशीचं दूध. बिलाच्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे एका सभासदाचं दहा दिवसांचं बिल. दोन्हीकडे सभासद क्रमांक आहे, म्हणून दोन्ही तक्ते जोडायचा मोह होतो. समजा, फक्त म्हशीचं दूध घालणाऱ्या एका बाईंचं बिल ९,४०० रुपये आहे. दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे संकलनात त्यांच्या वीस ओळी. तक्ते जोडलेस की ते ९,४०० त्या वीसही ओळींपुढे जाऊन बसतात आणि रकान्याची बेरीज निघते १,८८,००० रुपये. यात कुठे लाल खूण येत नाही, संगणक अडत नाही. आकडा नुसता वीसपट झालेला असतो. एका गावाचा असेल तर डोळ्यांत भरेल, पण दोनशे गावच्या दूध संस्थांच्या बेरजेत एखादी जोड अशी फुगली तर लक्षातही येणार नाही. म्हणून आधी प्रत्येक तक्ता आपापल्या जागी सभासदनिहाय आवळून घे, दोन्हीकडे सभासदागणिक एकच ओळ झाली की मग जोड.

रॅल्फ किंबॉल नावाच्या माणसाने १९९६ साली ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’ हे पुस्तक लिहिलं. अहवालांसाठी माहिती कशी रचावी, याचं ते आजही पायाभूत पुस्तक मानलं जातं. कोणती मोजमापं घ्यायची याच्या आधी ओळीचा अर्थ पक्का करा, असा त्याचा आग्रह आहे. इंग्रजी जरा कोरडं वाटेल, पण पहिली काही प्रकरणं नेटाने वाच.

आता फॅटकडे वळते, कारण तुझ्या संघाचं सगळं गणित त्यावरच उभं आहे. गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) धरून बोलला जातो, हे तुला ठाऊकच आहे. समजा, एका रूटवर दोनच संस्था आहेत. एकीचं १,००० किलो दूध आलं, फॅट ३.५. दुसरीचं १०० किलो, फॅट ६.५. पिव्हटमध्ये फॅटचा रकाना ओढून सरासरी लावलीस तर ५.० येईल. दिसायला छान, पण ते दूध टँकरमध्ये एकत्र केलं तर पाच फॅट लागेल का? पहिल्या संस्थेच्या दुधात ३५ किलो फॅट आहे, दुसरीच्यात साडेसहा. मिळून ४१.५ किलो फॅट, १,१०० किलो दुधात. म्हणजे ३.७७. पाच आणि पावणेचार यांत केवढा फरक आहे, ते संकलन विभागातल्या कुणालाही विचार.

डेअरीतली जुनी माणसं टक्क्यांत बोलतच नाहीत, ‘किलो फॅट किती?’ असं विचारतात. त्यांचं ऐक. किलो फॅटची बेरीज होते, दुधाच्या किलोंची बेरीज होते, टक्क्यांची होत नाही. म्हणून साठवताना वरचा आकडा आणि खालचा आकडा वेगवेगळे साठव, दोन्हींची बेरीज ज्या पातळीवर हवी तिथवर ने आणि भागाकार अगदी शेवटी कर. संस्था, रूट, तालुका, संघ, प्रत्येक पायरीवर नव्याने भागायचं. खालच्या पायरीची टक्केवारी वर नेऊन तिची सरासरी कधीही काढायची नाही. हाच नियम नफ्याच्या टक्केवारीला, नासाडीच्या प्रमाणाला, लिटरमागच्या वाहतूक खर्चाला, सगळ्यांना लागू. एवढं एक जरी पाळलंस तरी तुझे अहवाल पुष्कळांपेक्षा सरस होतील.

याच्याच पुढची एक गंमत आहे आणि ती बैठकीत हमखास वाद लावते. समजा, गेल्या वर्षी गाईचं ५०० किलो दूध होतं, फॅट ३.६, आणि म्हशीचं ५०० किलो, फॅट ६.६. एकूण फॅट ५.१. यंदा गाईचं फॅट सुधारून ३.७ झालं, म्हशीचंही ६.७ झालं. पण गाईचं दूध वाढून ८०० किलो झालं आणि म्हशीचं २०० वर आलं. एकूण फॅट किती? ४.३. दोन्हीकडे सुधारणा, आणि एकूण आकडा घसरलेला! साहेब एकूण आकडा बघून पशुवैद्यकीय विभागाला धारेवर धरतील, आणि त्या विभागाने तर वर्षभर चांगलंच काम केलेलं असेल. १९७३ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशांत हेच दिसलं होतं. अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. स्त्रियांवर उघड अन्याय झाला, असंच वाटलं. विभागवार आकडे मांडले तेव्हा ते चित्र टिकलं नाही. जिथे प्रवेश मिळणं मुळातच कठीण होतं, त्या विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त गेले होते. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये या कोड्यावर लिहिलं होतं, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. तू एवढंच कर. एकूण फॅटचा आकडा कधीही एकटा पाठवू नकोस. शेजारी गाय आणि म्हैस वेगळी दाखव आणि दोन्हींचा दुधातला वाटाही दाखव. तीन रकान्यांनी पान काही भरून जात नाही.

साठ्याचं सांगते. एप्रिलअखेर शीतगृहात लोणी ४० टन, मेअखेर ३५, जूनअखेर ३०. तिमाहीचा साठा किती? पॉवर बीआय सांगेल १०५ टन. एवढं लोणी तुमच्याकडे कधी नव्हतंच. साठा एका दिवशीच्या अनेक गोदामांचा मिळवता येतो, एका गोदामाचा अनेक महिन्यांचा मिळवता येत नाही. तिमाहीला शेवटच्या दिवसाचा आकडा दे, नाहीतर सरासरी दे, आणि कोणता दिलास ते शीर्षकात लिही. येणी, बँकेतली शिल्लक, कामगारांची संख्या, सगळं याच जातीचं.

सभासदांच्या संख्येत याहून जास्त जपायला हवं. ‘या महिन्यात दूध घालणारे सभासद किती?’ हा प्रश्न साधा वाटतो. पण एकच माणूस सकाळी येतो आणि संध्याकाळीही. त्याच्याकडे गायही असते आणि म्हैसही. ओळी मोजल्यास तर माणसं नाही मोजली जात, खेपा मोजल्या जातात. वेगळे सभासद क्रमांक मोजायला हवेत. शिवाय गाईवाले अधिक म्हैसवाले म्हणजे एकूण सभासद होत नाहीत, कारण दोन्हीवाले दोनदा येतात. जानेवारीचे, फेब्रुवारीचे आणि मार्चचे मिळवूनही तिमाहीचे होत नाहीत. प्रत्येक पातळीला मूळ ओळींवर जाऊन पुन्हा मोजावं लागतं. एक्सेलच्या साध्या पिव्हटमध्ये वेगळे क्रमांक मोजायची सोय नसते. पिव्हट करताना तक्ता ‘डेटा मॉडेल’मध्ये घालायची खूण केलीस, की ती मिळते.

यावरून वाद होईल तो शेवटच्या एकूण ओळीवर. पॉवर बीआयमधली खालची एकूण ओळ वरच्या ओळींची बेरीज असेलच असं नाही. ते मोजमाप सगळ्या माहितीवर नव्याने काढलेलं असतं. वर गाय ३००, म्हैस २५०, आणि खाली एकूण ४६०. कुणीतरी कॅल्क्युलेटर काढून म्हणणार, ‘मॅडम, तुमची बेरीज चुकली.’ घाबरू नकोस, आणि आकडा जुळवण्यासाठी रकाना खोटा करू नकोस. तक्त्याखाली एक ओळ कायमची टाकून ठेव: ‘दोन्ही प्रकारचं दूध घालणारे ९० सभासद दोन्हीकडे मोजले आहेत, एकूणमध्ये एकदाच.’ प्रश्न यायच्या आधीच उत्तर छापलेलं असलं की आवाज आपोआप खाली येतात.

आणि हो, संस्था कोड, वर्ष, पिनकोड असले रकाने आकड्यांत असतात म्हणून पॉवर बीआय वर्षाच्या रकान्यालासुद्धा आपणहून बेरजेची खूण लावतं. २०२३, २०२४ आणि २०२५ मिळून ६०७२ असं वर्ष झळकतं. पहिल्याच दिवशी अशा रकान्यांवर ‘डोन्ट समराइज’ हे सेटिंग लावून टाक.

संस्थेच्या सचिवांना एक सवय असते, त्या दिवशी काही नसेल तर रकान्यात ‘निरंक’ लिहायची. वहीत ते योग्यच होतं. पण आकड्यांच्या रकान्यात एखादा जरी ‘निरंक’ असा अक्षरांत पडला, की पिव्हट बेरजेऐवजी मोजणी लावतं, आणि दुधाच्या किलोंच्या जागी ओळींची संख्या दिसायला लागते. दुसरीकडे, लाइट गेल्यामुळे फॅट मोजलंच नाही, तर काहीजण रकाना मोकळा सोडतात आणि काहीजण शून्य टाकतात. तीन पाळ्यांचं फॅट ६.०, ६.४ आणि तिसरं मोकळं, तर संगणक दोनांचीच सरासरी धरतो, ६.२. तिसऱ्या जागी शून्य असेल तर तीच सरासरी ४.१३. मोजलं नाही आणि शून्य आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकदा रूटच्या सुपरवायझरबरोबर दोनचार संस्थांवर जा, यंत्रापुढे उभी राहा, पावती कशी निघते ते बघ. कुठल्या संस्थेत काय लिहायची पद्धत आहे, हे कार्यालयात बसून कळत नाही.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, तो म्हणजे काळाची गोळाबेरीज. फेब्रुवारीचं संकलन जानेवारीपेक्षा जवळजवळ दहा टक्क्यांनी कमी दिसतं, आणि रोजचं दूध तेवढंच असलं तरी ते तसंच दिसणार, कारण दिवस ३१ च्या जागी २८. महिन्यांची तुलना करायची तर दिवसाची सरासरी दे. दूध भरपूर येणारा पुष्ट काळ आणि कमी येणारा कृश काळ डोक्यात ठेव. मेची तुलना डिसेंबरशी करून ‘संकलन घसरलं’ म्हणण्यात अर्थ नाही, ती गेल्या वर्षीच्या मेशीच करायची.

पण तीही नेहमी चालत नाही, आणि हे कुठलंही साधन तुला सांगणार नाही. श्रीखंडाचं घे. गुढीपाडव्याला श्रीखंडाची जेवढी विक्री होते, तेवढी इतर दिवसांत कुठे होते? २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला. महिन्याला महिना लावून बघितलंस तर मार्च २०२५ उसळलेला दिसेल आणि एप्रिल २०२५ कोसळलेला. विक्री विभागाला एका महिन्यात शाबासकी आणि पुढच्या महिन्यात कानउघाडणी, दोन्ही विनाकारण. वार्षिक अहवालात तर याहून मोठा घोळ होतो. २०२३ चा पाडवा २२ मार्चला होऊन गेला आणि पुढचा आला तो ९ एप्रिल २०२४ ला. म्हणजे एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या आर्थिक वर्षात गुढीपाडवा आलाच नाही! आणि २०२४-२५ मध्ये दोन आले, एक सुरुवातीला आणि एक अगदी शेवटी. या दोन वर्षांची श्रीखंडाची विक्री शेजारी शेजारी ठेवून कुणी ‘वाढ’ म्हणून आलेख काढला, तर तो आलेख पंचांगाचा आहे, धंद्याचा नाही. त्यात माल विक्रेत्यांकडे सणाच्या काही दिवस आधी निघतो, तेव्हा ९ एप्रिलच्या पाडव्याचं काही बिलिंग मार्चमध्येही पडलेलं असणार. तारखांच्या तक्त्यात एक जास्तीचा रकाना कर आणि त्यात पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी यांच्या आधीचे दिवस खुणेने नोंदव. मग पाडव्याआधीचे पंधरा दिवस गेल्या पाडव्याआधीच्या पंधरा दिवसांशी ताडून बघ. तयार कॅलेंडरमध्ये हा रकाना नसतो, तो आपल्या माणसानेच करावा लागतो. तू तो केलास तर विक्री विभाग तुला दुवा देईल.

सरासरीबद्दल एकच सांगते. दहा सभासदांच्या एका संस्थेत नऊ जण पाच-पाच लिटर घालतात आणि एका मोठ्या गोठ्याचं १५५ लिटर येतं. सरासरी २० लिटर. त्या गावात २० लिटर घालणारं कुणीच नाही. उद्या कुणी त्या विसावर पशुखाद्याची योजना आखली तर नऊ घरांना तिचा उपयोग शून्य. सरासरीबरोबर मधला आकडा दे, जो इथे पाच येतो, आणि पाच लिटरच्या आत किती, दहाच्या आत किती, असे गट पाड. आपल्या अहवालावरून कुणाच्या तरी घरच्या वैरणीचा निर्णय होतो, याची जाणीव मनात ठेवून काम कर. ती ठेवलीस की कंटाळाही येत नाही.

पाठवण्याआधी ताळा करायचा, न चुकता. एक संस्था, एक दिवस घे, मूळ पावत्यांवरून हाताने बेरीज कर आणि अहवालातला आकडा तोच येतो का बघ. पिव्हटमधल्या कुठल्याही आकड्यावर दोनदा क्लिक केलंस की त्यामागच्या ओळी नव्या पानावर उघडतात. रोज एखादा आकडा असा उघडून बघ. मग संघाची एकूण रक्कम हिशेब विभागाच्या आकड्याशी लाव. फरक आला तर कारण सापडेपर्यंत अहवाल थांबव. दशांश स्थळं कमी करायचं काम अगदी शेवटी. तीन जणांचा समान वाटा ३३.३ असा छापला तर मिळून ९९.९ होतो, म्हणून आकडे पूर्ण ठेवून फक्त दाखवताना आखूड कर.

आता जे फोनवर विचारायला तू कचरलीस, ते. तू लिहिलंयस की एका वरिष्ठांनी ‘रूटवार नको, फक्त तालुक्याची सरासरी दाखवा’ असं सांगितलं. कधी कधी ते खरंच पान आटोपशीर व्हावं म्हणून असतं. कधी एखादा कच्चा रूट झाकायचा असतो. तुला त्यातलं काय आहे ते शोधत बसायची गरज नाही. मुख्य पानावर त्यांनी सांगितलं तसं दे, पण रूटवार तक्ता मागे जोडलेला ठेव आणि पानाखाली लिही, ‘रूटवार तपशील पान ३ वर’. तो काढूनच टाका म्हणाले, तर नम्रपणे सांग, ‘सर, तसं मेलवर कळवाल का, म्हणजे पुढच्या वेळी माझ्या लक्षात राहील.’ भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. पाठवलेल्या प्रत्येक अहवालाची प्रत तारखेसकट जपून ठेव. नवीन मुलगी आहे म्हणून खापर फोडणारे भेटतात, तेव्हा ती प्रतच तुझ्या बाजूने बोलते.

बैठकीत अचानक कुणी एखादा आकडा विचारला आणि तो हाताशी नसेल, तर अंदाजाने सांगू नकोस. ‘संध्याकाळपर्यंत तपासून कळवते’ म्हण आणि खरोखर कळव. अंदाजाचा आकडा कुणाच्या तरी वहीत जातो आणि सहा महिन्यांनी तुझ्याच तोंडावर येतो.

या आठवड्यात दहा दिवसांचं बिल निघेल, तेव्हा तुझा पहिला तक्ता मला दाखव. पण तुमच्या साहेबांना आधी विचार, आणि हो म्हणाले तर सभासदांची नावं, मोबाइल, बँकेचे खाते क्रमांक काढून टाक, नुसते कोड ठेव. ती माहिती त्या लोकांनी संघाच्या भरवशावर दिलेली असते. ते नाहीच म्हणाले, तर नुसती रकान्यांची नावं आणि प्रत्येक तक्त्यातल्या एका ओळीचा अर्थ लिहून पाठव. तेवढ्यावरही आपल्याला पुष्कळ बोलता येईल.